प्रकल्पाचे गुण : चौकटीत काय मावते, काय सांडते

प्रकल्पाला गुण द्यायचे म्हटले की हल्ली एक तक्ता पुढे येतो. डाव्या बाजूला निकष असतात : विषयाची निवड, माहितीचे संकलन, मांडणी, निष्कर्ष, सादरीकरण. वरच्या ओळीत चार पायऱ्या असतात : उत्कृष्ट, चांगले, समाधानकारक, सुधारणा आवश्यक. मधल्या प्रत्येक चौकटीत एकेक वाक्य. शिक्षकाने योग्य त्या चौकटीवर खूण करायची आणि शेवटी बेरीज मांडायची. प्रशिक्षणवर्गांत या तक्त्याला 'रुब्रिक' म्हणतात. मराठी प्रतिशब्द सुचवता येतील, पण रूढ झालेला शब्द बदलण्याचा आग्रह आम्ही धरत नाही. (मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ तांबडी माती, गेरू. जुन्या हस्तलिखितांत शीर्षके आणि सूचना तांबड्या शाईने लिहीत, त्यावरून तो आला. तांबड्या शाईशी शिक्षकाचे नाते असे जुने आहे!)

डी.एड. किंवा बी.एड. करताना आपण सर्वांनी 'पडताळा सूची' आणि 'पदनिश्चयन श्रेणी' ही दोन साधने अभ्यासलेली असतात. पडताळा सूची 'आहे की नाही' एवढेच विचारते. पदनिश्चयन श्रेणी 'किती' असे विचारते आणि उत्तर पाच, चार, तीन अशा अंकांत घेते. रुब्रिकने याच्या पुढे एक पाऊल टाकावे अशी अपेक्षा आहे. चार गुणांचे काम आणि तीन गुणांचे काम यांत फरक कशाचा, हे तिथे शब्दांत सांगायचे असते. रुब्रिकचा सगळा जीव या शब्दांत आहे. ते पोकळ असतील तर हाती उरते ती जुनीच पदनिश्चयन श्रेणी, जास्त रेघा मारलेली.

आणि ते शब्द पोकळ असतात, अशी आमची तक्रार आहे. 'भरपूर व अचूक माहिती', 'पुरेशी माहिती', 'काही प्रमाणात माहिती', 'अपुरी माहिती' ही चार वाक्ये वाचून पाहावीत. भरपूर म्हणजे किती? पुरेशी कशासाठी? इथे विशेषणाची धार पायरीपायरीने कमी केली आहे, एवढेच. मुलाने नेमके काय केले म्हणजे तो दुसऱ्या पायरीवरून तिसरीवर जातो, हे यातून ना मुलाला कळते, ना शिक्षकाला.

दोन वह्या

एक उदाहरण घेऊन पाहू. सातवी-आठवीच्या वर्गात नेहमी दिला जाणारा प्रकल्प आहे : 'गळक्या नळातून दिवसाला किती पाणी वाया जाते?' आपल्यापुढे दोन वह्या आल्या आहेत अशी कल्पना करू.

पहिल्या वहीचे मुखपृष्ठ सुंदर आहे. आत पाण्याच्या टंचाईवर चार पाने, वर्तमानपत्रांची कात्रणे आणि 'पाणी वाचवा'ची रंगीत चित्रे आहेत. हिशेब असा : नळातून दर सेकंदाला एक थेंब गळतो; २० थेंबांचा १ मि.लि. होतो, दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणून वाया जाणारे पाणी ४,३२० मि.लि., म्हणजे सुमारे ४.३ लिटर. खाली दोन रेघा ओढून निष्कर्ष.

दुसरी वही एका कोपऱ्यात भिजलेली आहे. मुलीने नळाखाली औषधाच्या बाटलीचे मापाचे झाकण धरले आणि शंभर थेंबांचे पाणी मोजले. तीनदा मोजले : १६, १९ आणि १७ मि.लि. तिन्ही आकडे लिहिले आहेत. मग मिनिटाला थेंब किती पडतात ते मोजले : सकाळी ६२, दुपारी ४७. दुपारी कमी का, याखाली लिहिले आहे, 'टाकीत पाणी कमी झाले असेल. टाकी भरल्यावर पुन्हा मोजायला हवे.' शेवटचे वाक्य : 'दिवसाला साधारण पावणेबारा ते साडेपंधरा लिटर. रात्री मोजले नाही.'

दोन उत्तरांत जवळजवळ तिप्पट-चौपट फरक आहे. चूक कोणाची? वीस थेंबांचा एक मि.लि. हा आकडा खोटा नाही. पण तो औषधाच्या ड्रॉपरचा आणि सलाइनच्या नळीचा आहे. थेंब नळाच्या तोंडाला लोंबकळत असतो तो पृष्ठताणामुळे. तोंडाच्या कडेभोवतीची ही पकड थेंबाचे वजन पेलू शकत नाही तेव्हा तो सुटतो. कड जितकी मोठी, तितका सुटणारा थेंब जड. ड्रॉपरचे तोंड बारीक, त्याचा थेंब ०.०५ मि.लि.च्या आसपास असतो. नळाचे तोंड रुंद, त्याचा थेंब त्याच्या तीन-चार पट भरणे अगदी स्वाभाविक आहे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने गळक्या नळाच्या हिशेबासाठी थेंब पाव मि.लि.चा धरला आहे. त्या मापाने सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला २१.६ लिटर. म्हणजे पुस्तकी आकड्यांतही पाचपट अंतर! या विषयात आपल्या नळाखाली आपले झाकण धरण्याला पर्याय नाही, आणि दुसऱ्या वहीतल्या मुलीने नेमके तेच केले आहे.

आता वरचा तक्ता लावून पाहावा. माहितीचे संकलन : पहिली वही 'भरपूर', दुसरी 'अपुरी', कारण टंचाईवर एक ओळही नाही. मांडणी : पहिली 'उत्कृष्ट', दुसरीबद्दल बोलायलाच नको. निष्कर्ष : पहिल्या वहीचा 'स्पष्ट व नेमका', दुसरीचा 'अंशतः स्पष्ट', कारण तिने एक आकडा न देता दोन दिले आणि वर 'रात्री मोजले नाही' अशी कबुलीही दिली. बेरीज सांगायची गरज नाही.

यात शिक्षकाने पक्षपात केला असे कोणी म्हणू शकणार नाही. त्याने तक्ता प्रामाणिकपणे भरला. पण दुसरी वही लिहिणारी मुलगी पुढच्या वर्षी काय करील याचा विचार करावा. तिला गुणपत्रिकेतून कळले आहे की मोजण्यात वेळ घालवणे तोट्याचे, वाचने वेगवेगळी आली तर ती लपवणे शहाणपणाचे, आणि कात्रणे फायद्याची. विज्ञानाच्या तासाला आपण जे शिकवतो त्याच्या नेमके उलटे शिक्षण प्रकल्पाच्या गुणांतून झाले.

एकमत कशावर

रुब्रिकच्या बाजूने नेहमी दिला जाणारा युक्तिवाद एकवाक्यतेचा आहे. एकाच कामाला दोन शिक्षकांनी दोन टोकांचे गुण देऊ नयेत, हे रास्त आहे. आणि या तक्रारीला भक्कम आधारही आहे. अमेरिकेत प्रिन्स्टन येथील 'एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस' या संस्थेत पॉल डीडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. महाविद्यालयात नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्यांचे ३०० निबंध त्यांनी ५३ वाचकांकडे दिले. वाचकांत प्राध्यापक होते, तसेच लेखक-संपादक, वकील आणि व्यावसायिकही होते. कोणतेही निकष न देता नऊ श्रेणींत निबंध लावायला सांगितले. ९४ टक्के निबंधांना नऊपैकी किमान सात वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या! एकाही निबंधाला पाचांहून कमी श्रेणी मिळाल्या नाहीत.

या अभ्यासाचा हा भाग वारंवार सांगितला जातो. त्याहून उपयोगी भाग पुढचा आहे. वाचकांनी निबंधांवर जे शेरे लिहिले होते ते डीडरिक यांनी तपासले. आकडेशास्त्राच्या साहाय्याने वाचकांचे गट पाडले आणि पाहिले की कोणी कल्पनांना महत्त्व देत होते, कोणी रचनेला, कोणी शैलीला, कोणी शुद्धलेखन-विरामचिन्हांना, तर कोणी शब्दांच्या निवडीला. या पाच गोष्टींवरून पुढे निबंध तपासण्याच्या श्रेणी तयार झाल्या. म्हणजे आजच्या रुब्रिकच्या या एका पूर्वजाचे निकष समितीच्या टेबलावर बसून सुचलेले नव्हते. खऱ्या वाचकांनी खऱ्या कागदांवर लिहिलेल्या शेऱ्यांतून ते निघाले होते. आपल्याकडे तक्ता आधी येतो आणि कामे नंतर, हा फरक लहान नाही.

एकवाक्यतेला स्वतःचा एक धोकाही आहे. समास सोडला आहे का, अनुक्रमणिका आहे का, चित्रे किती, यावर दहा शिक्षकांचे एकमत दहा मिनिटांत होते. मुलाने स्वतः विचार केला आहे का, यावर ते सहज होत नाही. त्यामुळे एकमत वाढवण्याच्या प्रयत्नात तक्ता हळूहळू समासाकडे सरकतो. मूल्यमापनाच्या परिभाषेत सांगायचे तर विश्वसनीयता वाढते आणि सप्रमाणता हातची जाते. वजनकाटा रोज तेच वजन दाखवतो, पण आपल्याला मोजायची होती उंची.

राष्ट्रीय पातळीवरच्या विज्ञान प्रदर्शनाचे निकषही या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. एन.सी.ई.आर.टी.च्या मार्गदर्शक सूचनांत बरीच वर्षे देण्यात आलेली विभागणी अशी : मुलांची स्वतःची सर्जनशीलता व कल्पकता २० टक्के; मौलिकता व नावीन्य १५; वैज्ञानिक विचार, तत्त्व वा दृष्टिकोन १५; तांत्रिक कौशल्य व कारागिरी १५; उपयुक्तता १५; कमी खर्च, ने-आण करण्याची सोय व टिकाऊपणा १०; सादरीकरण १०. प्रदर्शनात मांडायच्या उपकरणासाठी ही विभागणी गैर नाही. सजावटीला इथे वेगळे गुण नाहीत आणि मुलांच्या स्वतःच्या सहभागाला सर्वाधिक भार आहे, ही जमेची बाजू. पण यात मोजमाप, नोंदी, पुरावा यांना स्वतःचे असे घर नाही. ते 'वैज्ञानिक विचारा'च्या १५ टक्क्यांत दाटीवाटीने राहतात. उपकरण तपासण्यासाठी केलेले हे निकष शाळेतल्या प्रत्येक प्रकल्पाला लावले, की गळक्या नळाच्या प्रकल्पातही 'प्रतिकृती कुठे आहे?' असे विचारले जाते. याउलट १९९३ पासून राष्ट्रीय पातळीवर भरू लागलेल्या बालविज्ञान परिषदेत मुलांनी कामाची नोंदवही ठेवावी अशी अपेक्षा असते, आणि परीक्षक ती मागू शकतात. या एका मागणीने प्रकल्पाचा चेहरा किती बदलतो हे तिथे मार्गदर्शन केलेले शिक्षक सांगू शकतील.

तयार नोंदींचा धडा

महाराष्ट्राला या विषयातला एक ताजा अनुभव आहे. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. आकारिक मूल्यमापनाच्या आठ साधन-तंत्रांत प्रकल्पाला स्वतंत्र स्थान मिळाले. पहिली-दुसरीत आकारिक मूल्यमापनाचा भार ७० टक्के, सातवी-आठवीत ४० टक्के. शिवाय प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंद करायची होती. कल्पना उत्तम होती. मुलाला आकड्याऐवजी शब्दांत पाहायला ती शिकवत होती.

पुढे काय झाले हे आपण सर्व जाणतो. तयार वर्णनात्मक नोंदींच्या पुस्तिका दुकानांत आल्या, मग त्याच नोंदी मोबाइलवरून फिरू लागल्या. 'प्रयोगात आवडीने भाग घेतो', 'निरीक्षणे अचूक नोंदवतो' ही वाक्ये ज्या मुलांनी प्रयोगाचे साहित्य पाहिलेही नव्हते त्यांच्या नावापुढे गेली. याचा सगळा दोष शिक्षकांच्या माथी मारणे आम्हाला अन्यायाचे वाटते. साठ मुलांच्या वर्गात, सर्व विषयांच्या नोंदी, ठरावीक तारखेच्या आत मागितल्या की वाक्ये कुठून तरी आणावीच लागतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सुचवलेल्या समग्र प्रगतिपत्रकात प्रकल्पाधारित शिक्षण आहे, स्वयंमूल्यमापन आहे, सहाध्यायी मूल्यमापनही आहे. त्यासाठी तयार रुब्रिकचे गठ्ठे फिरू लागले तर २०१० नंतरचीच वाट पुन्हा चालून होईल.

तक्ता करायचा कसा

आमची सूचना साधी आहे. मागच्या वर्षीचे दहा-बारा प्रकल्प घ्यावेत. दोघा शिक्षकांनी बसावे. विज्ञानाचा दुसरा शिक्षक नसेल तर भूगोलाचा किंवा गणिताचाही चालेल. गुण न देता कामांचे तीन ढीग करावेत. मग एकाच प्रश्नावर बोलावे : हे काम या ढिगात का, शेजारच्या का नाही? बोलता बोलता जी कारणे निघतील ती मुलाच्या कृतीच्या भाषेत लिहून काढावीत. विशेषण आले की थांबावे आणि 'हे वहीत कुठे दिसले?' असे एकमेकांना विचारावे. एक दुपार पुरते.

गळक्या नळाच्या प्रकल्पांतून 'नोंदी' या निकषाच्या पायऱ्या साधारण अशा निघू शकतील. पहिली : आकडा दिला आहे, पण तो कसा मिळाला हे वहीतून कळत नाही. दुसरी : स्वतः एकदा मोजले आहे, कशाने, केव्हा मोजले ते लिहिले आहे. तिसरी : पुन्हा पुन्हा मोजले आहे, आणि वेगवेगळी आलेली वाचने न खोडता ठेवली आहेत. चौथी : वाचने वेगळी का आली याचा विचार केला आहे, आणि त्यावरून आणखी काही मोजले आहे किंवा आपला निष्कर्ष कुठपर्यंत खरा हे सांगितले आहे. या पायऱ्यांवर पहिली वही पहिल्या पायरीवर थांबते, भिजलेली वही चौथीवर जाते. शिवाय पहिल्या वहीच्या मुलाला पुढे काय करायचे तेही कळते : झाकण घे आणि नळाखाली धर.

या पायऱ्यांत नळाचे नाव नाही हे लक्षात आले असेल. मटकीला मोड येण्याच्या प्रकल्पालाही त्या चालतील, दुपारच्या सावलीची लांबी मोजण्यालाही चालतील. जेम्स पॉपहॅम या अमेरिकी मूल्यमापनतज्ज्ञांनी १९९७ साली रुब्रिकवर जी टीका केली तिच्यात हे दोन्ही दोष होते : काही रुब्रिक एकाच कामापुरते बांधलेले असतात, काही इतके सर्वसाधारण की कशालाही लागू पडावेत. 'थेंबांची संख्या बरोबर मोजली' हे पहिल्या दोषाचे उदाहरण आहे, 'उत्कृष्ट' हे दुसऱ्याचे. मधली जागा शोधायची तर कामे समोर हवीत.

निकष किती असावेत? आम्ही तीन म्हणू : प्रश्न, नोंदी, अर्थ लावणे. साठ वह्या तपासणाऱ्या शिक्षकाला सात निकषांचा तक्ता देणे म्हणजे खुणा डोळे मिटून करायला सांगणे होय. सादरीकरणाला गुण द्यायला आमची हरकत नाही, नीट लिहिणे आणि बोलणे हेही शिकायचेच असते. पण ते गुण वेगळे दाखवावेत, म्हणजे सुंदर मुखपृष्ठ मोजमापाची उणीव भरून काढणार नाही.

काम कोणाचे, हा प्रश्न मात्र कोणताही तक्ता सोडवत नाही. पालकांनी केलेला, दुकानातून आणलेला, आणि आता संगणकाकडून लिहून घेतलेला प्रकल्प कागदावर उत्तमच दिसतो. त्यावर जुना उपाय अजून चालतो. मुलाला जवळ बोलावून दोन प्रश्न विचारावेत : 'हा आकडा कुठून आला?' आणि 'पुन्हा करायचे ठरवलेस तर काय वेगळे करशील?' दोन मिनिटे लागतात. गटप्रकल्पात हेच प्रश्न गटातल्या कोणालाही विचारता येतात, आणि कोणाला विचारणार हे आधी सांगायचे नसते.

रुब्रिकलाच विरोध करणारे अभ्यासकही आहेत. आल्फी कोन यांनी २००६ साली असे मांडले की रुब्रिकमुळे मुलांचे लक्ष कामावरून 'आपण कितव्या पायरीवर आहोत' याकडे वळते. मुले धोका पत्करत नाहीत, पायरी गाठण्यापुरतेच करतात. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. पण आपल्या शाळांत तक्ता नसला तरी गुण असतातच, आणि मग निकष शिक्षकाच्या मनात राहतात. ज्या घरात कोणी शिकलेले आहे त्या मुलाला ते न सांगता कळतात; ज्याच्या घरी पहिल्यांदाच कोणी सातवीत पोचले आहे त्याला ते कळत नाहीत. एवढ्या एका कारणासाठी पायऱ्या आधीच फळ्यावर लिहाव्यात, त्यांच्यासोबत मागच्या वर्षीच्या दोन वह्या नावे झाकून मुलांच्या हाती द्याव्यात आणि त्यांनाच पायरी ठरवू द्यावी, असे आम्हाला वाटते. मुले यात आपल्यापेक्षा कडक निघतात.

कोन यांच्या आक्षेपासाठी तक्त्याच्या तळाशी एक ओळ कोरी सोडावी : 'वरच्या पायऱ्यांत न बसणारे, पण महत्त्वाचे'. कोणी गळका नळ मोजायला गेला आणि वॉशर बदलून आला, कोणाचे मोड आलेच नाहीत आणि तो बियाणे किती जुने होते हे दुकानदाराला विचारून आला, तर ते या ओळीत लिहावे आणि त्याला गुणही द्यावेत. वर्षाअखेरीस सगळ्या वह्यांतल्या या ओळी एकत्र वाचाव्यात. पुढच्या वर्षीचा तक्ता करायला बसाल तेव्हा ढिगांच्या शेजारी तोही कागद ठेवावा.